कचरा नावाचा फोल्डर

६ जाने., मंगळवार
सकाळी आमच्या ॲपच्या साइटवर नोटीस. "सुमन कांबळे यांचा सहा टक्के वाटा, वारस म्हणून मुलगी प्रज्ञा कांबळे यांच्या नावे." आता तिला दोन बटणं दिसणार. 'मान्य' आणि 'योगदान परत घ्या'. मुदत ३१ पर्यंत.
लगेच मिहिरचा फोन. "यार, तिने आवाज परत घेतला ना, तर वाट लागली. ॲप मुकं होईल आपलं."
मिहिर घाटकोपरचा. कल्पना त्याची. घशाच्या ऑपरेशनमध्ये ज्यांचा आवाज गेला त्यांनी फोनवर टाइप करायचं, फोनने मराठीत बोलायचं. पगार कुणालाच नाही, ज्याने जे दिलं त्याचा त्याला वाटा. मिहिरने कोड दिला, सुमनताईंनी आवाज, मी कान. म्हणजे त्यांच्या रेकॉर्डिंगची साफसफाई. गोरेगावला दिवसभर सिरियलींचे आवाज धुतो, तेच घरी.
शिवाय माझा स्वार्थ. बाबांचं स्वरयंत्र काढून दोन वर्षं झाली. ॲप अजून बाजारात नाही, पण बाबांच्या फोनवर जूनपासून आहे.
आज : "नंदू, चहात साखर नाही."
सुमनताईंच्या आवाजात. त्या ऑक्टोबरमध्ये गेल्या. साखर खरंच नव्हती.

८ जाने., गुरु.
सु.ता.ना कधी भेटलो नाही. त्या भांडुप, आम्ही मुलुंड, मध्ये एक नाहूर स्टेशन. जायला काय झालं होतं? पण त्यांचा श्वास कुठल्या शब्दानंतर तुटतो ते मला पाठ. बालवाडीच्या बाई. रविवारी विहारात वंदना त्याच सांगायच्या, म्हणे. एकेक अक्षर निवडलेल्या तांदळासारखं. पंखा बंद करून, डोक्यावर गोधडी घेऊन रेकॉर्ड करायच्या. गोधडी ही माझी सूचना. एप्रिल-मेच्या उकाड्यात.

११, रविवार
आंघोळीला होतो. बाहेरून सु.ता. : "मला दुखतंय."
साबणासकट धावलो. बाबा खुर्चीत पेपर घेऊन मजेत. अंगठा चुकून तातडीच्या बटणावर. हसले. हसताना त्यांचा आवाज येत नाही, नुसते खांदे हलतात.
मला हसू येईना. ते रेकॉर्डिंगच्या यादीतलं वाक्य नंबर २१४. चौदा वेळा मागवलं होतं मी.

१४, बुध. संक्रांत
प्रज्ञा घरी आली. स्वतःच विचारलं होतं, काकांना भेटू का म्हणून. कुर्ल्याला लॅबमध्ये असते, अर्धा दिवस रजा टाकून आली. चोवीस-पंचवीसची, बारीक, चप्पल अगदी सरळ रेषेत काढून ठेवणारी.
दुकानाची तिळाची वडी बशीत ठेवली. बाबांनी मोठ्या उत्साहाने बटण दाबलं. "तिळगूळ घ्या, गोड बोला."
पोरगी वडी हातात धरून तशीच. मग म्हणाली, "आमच्याकडे संक्रांत नसते. आई आयुष्यात हे कधी म्हणाली नाही."
"यादीत होतं," मी म्हटलं.
बाबांनी खूप वेळ टाइप केलं. "बस गं. पाणी घे." तेव्हा मात्र डोळ्यांना ओढणी लावली. "हे म्हणायची. पण 'गं' एवढा छोटा नाही. लांबवायची."
तो 'गं' मीच कापलेला. लांब वाटला म्हणून.
जाताना दारात : "दादा, तुम्ही मधलं मधलं कापलंत ना? ती काहीबाही बोलायची रेकॉर्डिंग करताना. खोकायची. ते असेल का तुमच्याकडे? ॲपमध्ये तिचा आवाज आहे, पण ती नाहीये."
मी म्हणालो, "ते ठेवत नाही गं आम्ही. जागा जाते."

१५, गुरु.
चहा, आंघोळ, पेपर, बाबा गप्प. डबा भरत होतो तेव्हा पाठीमागून सुमनताई :
"खोटं का बोललास?"
हातातली पोळी खाली पडली. बाबाच.

१७, शनि.
साउंडवाला काही फेकत नाही, ही आमची जात. सगळं आहे. फोल्डरचं नाव 'कचरा'. मीच दिलेलं.
जेवणाच्या सुट्टीत हेडफोन लावून बसलो. कुकरची शिट्टी. "प्रज्ञा, दार लाव गंऽ." खोकला. एप्रिलमध्ये एखाद-दुसरा, कोरडा. मेमध्ये वाक्याआड. जूनमध्ये त्या खोकण्यासाठी गोधडीतून बाहेर यायच्या, कापडाचा आवाज येतो. ऑगस्टमध्ये बाहेर यायच्याही नाहीत.
एका ठिकाणी हसून स्वतःशीच : "सर म्हणतात खोकला नको. आता खोकला काय माझ्या हातात आहे?" मग खोकला. मग लगेच, स्वच्छ, बालवाडीच्या आवाजात : "मला दुखतंय. डॉक्टरांना बोलवा."
डबा तसाच परत आणला.

१९, सोम.
माझे मेसेज वाचले. वाचायला नको होते.
"खोकला आला. ८८ परत द्या."
"श्वासाचा आवाज येतोय, माइक लांब धरा."
"२१४ मध्ये भाव जास्त आहे. खरंच दुखतंय असं वाटतंय. सपाट हवं."
त्यांचं उत्तर : "सॉरी सर. आवाज बसलाय, उद्या देते."
त्याला मी अंगठा दाखवलाय. वर करून.
आवाज बसलाय! बाबासुद्धा सहा महिने हेच म्हणत होते. गोळ्या चघळत होते आणि आम्ही खुशाल म्हणत होतो, थंड पाणी पिऊ नका. ज्या घरात हे होऊन गेलं, त्या घरातल्या माणसाने... आणि माझं कामच ऐकायचं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मला लाज वाटते. लिहितानाही वाटते आहे.

२२, गुरु.
मिहिरला सांगितलं. "पागल झालास काय? ती ऐकेल आणि दुसऱ्या मिनिटाला बटण दाबेल. एकतीसनंतर दे ना! मान्य करू दे आधी. काकांचा तरी विचार कर."
मूर्खासारखं नाही बोलत तो. एका फाइलने किती जणांचं तोंड बंद होईल ते त्याला दिसतंय. मला तर एकच तोंड दिसतंय, समोर बसून शेंगा सोलणारं.
आज बाबा खाली भाजीवाल्याशी भांडले. सु.ता.च्या आवाजात, घासाघीस. "काल तर दहाला होती!" दोन वर्षांत पहिल्यांदा भांडले असतील. केवढे खूश.

२४, शनि.
बाबांना सगळं सांगितलं. तिने ऐकलं तर काय होऊ शकतं, तेही.
त्यांनी फोन हातात घेतला, ठेवला, परत घेतला. वाटलं, काहीतरी लांबलचक येणार. आलं एवढंच :
"तिचं तिला दे."
त्या आवाजात ते ऐकणं. कोण कुणाबद्दल बोलतंय तेच मला कळेना.

२५, रविवार
भांडुपला गेलो. पेन ड्राइव्ह हातात दिला. जिन्याच्या वळणावर घर, एक खोली, भिंतीवर बाबासाहेब, बुद्ध, आणि खाली आता सुमनताई. फोटोतला चेहरा मी मनात धरलेल्या चेहऱ्यासारखा अजिबात नाही. गोल आहे. गोधडी घडी करून पेटीवर.
उभ्या उभ्याच सांगून टाकलं. "त्या दिवशी खोटं बोललो. मी ऐकत होतो, एप्रिलपासून. खोकला वाढत गेलेला मला कळत होता. कापत राहिलो. एकदाही विचारलं नाही."
प्रज्ञाने पेन ड्राइव्ह गोधडीवर ठेवला. मग : "आम्ही पण ऐकत होतो दादा. याच खोलीत."
मला जरा बरं वाटायला लागलं होतं. तेवढ्यात म्हणाली, "पण आम्हाला सवय झाली होती. तुम्ही तर प्रत्येक खोकला मोजून परत पाठवत होता."
चहा दिला तिने. प्यायलो. नाहूरपर्यंत चालत आलो.

२८, बुध.
प्रज्ञाचा मेसेज : "अर्धं झालंय. रोज थोडं ऐकते. एकदम नाही होत."
बटणाबद्दल अक्षर नाही. मीही विचारलं नाही. कुठल्या तोंडाने?

३०, शुक्र.
साइटवर अजून काही नाही. उद्या शेवटचा दिवस. मिहिरचे तीन फोन, उचलले नाहीत.
सकाळी चहा ठेवला होता. बाहेरून हाक नाही. मग पेल्यावर चमच्याची टकटक. ऑपरेशननंतर ॲप येईपर्यंत हीच हाक होती. बाहेर आलो तर बाबांच्या मांडीवर जुनी पाटी. कपाटावरून स्वतः काढलेली, धूळ सगळी बाहीला. फोन उशीशी, बंद करून ठेवलेला.
पाटीवर : साखर जास्त.
"फोनला काय झालं?"
पुसून लिहिलं : सवय करतो.
परत पुसून : तिला सांगू नको.
आत जाऊन उगाच भांडी विसळत बसलो. पुन्हा टकटक. इतके दिवस सुमनताईंचा आवाज यायचा आणि मी ओट्याशी पाठमोराच 'हो हो' म्हणायचो. पाटी लांबून ऐकू येत नाही. उठून जावं लागतं. गेलो.
पाटी कोरी होती. बाबा खोकत होते, रुमाल गळ्याच्या भोकाशी धरून. मला बघून हाताने खूण केली, काही नाही, जा.
गेलो नाही. समोर खुर्ची ओढून बसलो. "किती दिवसांपासून आहे हा खोकला?"
त्यांनी पेन्सिल उचलली. मी थांबलो.