पाणी न पिणारा पक्षी

मंगळवार, चौदा तारीख
दुपारचे दोन, दुकानातून

चि. शहाण्यास,

आशीर्वाद. मोठी बहीण आहे म्हणून लिहायचे, एवढंच. आज मनातून एकही निघत नाहीये. आम्ही इकडे बरे, तू तिकडे बरा असशीलच. झाली रीत.

जेवणाची सुट्टी आहे. कापड कापायच्या टेबलावर बसून लिहितेय, तेव्हा कागदाला खडूचे डाग लागले तर नाक मुरडू नकोस. घरून लिहिता येत नाही आणि घरच्या फोनवर बोलता येत नाही. का, ते पुढे येईल.

आधी तुझ्या पक्ष्याबद्दल. बाबांच्या पंचाहत्तरीला तू यायचा होतास, तर खोक्यातून हा आला. काचेचं पोट, पोटात लाल पाणी, डोक्यावर निळी टोपी, मागे एक पीस. "ग्लासात चोच बुडवून दिवसभर पाणी पितो, बाबांना गंमत वाटेल." फार गंमत वाटली. पंधरा दिवस झाले, घरात दुसरा विषय नाही.

काल तू पुन्हा विचारलंस, "डोकं नीट भिजवलंस का गं?" भिजवलं रे बाबा! पहिल्याच दिवशी चोच धरून, डोक्यावरचं कापड चिंब होईपर्यंत बुडवून ठेवलं. ग्लास काठोकाठ भरला. चोच पोचत नाही म्हणालास, म्हणून ग्लासाखाली घड्याळांचे दोन जुने कॅटलॉग ठेवले. टेबल वाकडं असेल म्हणालास, म्हणून पायाखाली पुठ्ठा सारला. मानेवरचा चिमटा दोन मिलिमीटर खाली घे म्हणालास. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाला तू दोन मिलिमीटर शिकवतोस! तरी बाबांनी डोळ्याला भिंग लावून तो सरकवला. पक्षी तीनदा डुलला आणि रुसून उभा राहिला.

मग तुझं पंख्याचं खूळ निघालं. "वाऱ्यावर ठेव, लगेच चालेल." मी म्हटलं, पंखा बिघडलाय. तर शुक्रवारी दारात एक माणूस नवाकोरा पंखा घेऊन हजर! सही करून घेतला आणि माळ्यावर टाकला. तुला सांगितलं, लावला, काही फरक नाही. त्यावर तू काय म्हणालास आठवतंय? "तुला ना ताई, विज्ञान कधी जमलंच नाही." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिकडे बसून नाकाने कांदे सोलायला काय जातंय तुझं?

फोन स्पीकरवर होता, बाबा ते ऐकून हसले. हसता हसता खोकला आला. तू म्हणालास, "बाबा, पाणी प्या, पक्ष्यालाही शिकवा." छान होता विनोद. बाबांना श्वास परत सापडायला दहा मिनिटं लागली. तोवर तू फोन ठेवला होतास.

हे लिहून गेलं. आता खोडत नाही.

बाबांची फुप्फुसं आक्रसत चाललीत. चार महिने झाले. दिवसभर नाकाला ऑक्सिजनची नळी असते. कोरड्या हवेने खोकल्याची उबळ येते, म्हणून उशाशी वाफेचं मशीन चालू ठेवावं लागतं. खोलीतल्या खिडकीच्या काचा सदा ओल्या, भिंतीला हात लावला तर तळवा भिजतो. पंखा लावायचा नाही, असं सिस्टरने बजावलंय. म्हणून पंखा बिघडला होता, कळलं? मी दुकानात असते तेव्हा शेजारच्या काकू बसतात. तू मागे म्हणाला होतास, "बाबा हल्ली किती मुद्द्याचं बोलतात!" मुद्द्याचं नाही रे, चार शब्दांपुढे त्यांचा श्वास जात नाही. पोटच्या पोराला हे फोनवर ऐकू येऊ नये? तुझ्या कानांत काय बोळे घातलेत?

आणि ऐकू यावं कसं, मी खोटं बोलण्यात पटाईत झालेय ना. त्यांनीच शपथ घातली, "त्याला फोनवर एक शब्द सांगायचा नाहीस." मी भांडले. म्हणाले, "आजारी बाप बघायला येणारा मुलगा नको. सहज येणारा हवा." सहज! तीन वर्षांत तुला एकदा सहज सुचलं नाही. दरवेळी रजा नाही. पण मीही निमूट मान डोलावली, तेव्हा जेवढी तुझ्यावर चिडलेय तेवढीच स्वतःवर चिडलेय.

खरं सांगायचंय ते अजून पुढेच आहे.

परवा रविवारी माझं डोकं फिरलं. सुट्टी म्हणून तुझा दुपारीच एक जादा फोन झाला होता, पुन्हा तेच डोकं, तोच चिमटा. मी ठरवलं, हे ध्यान आल्या खोक्यात भरायचं आणि तुझ्या पत्त्यावर परत धाडायचं. ट्रेमध्ये पक्षी आणि ग्लास, जसेच्या तसे उचलले, बाहेरच्या खोलीत माझ्या शिलाई मशीनवर ठेवले आणि चिकटपट्टी शोधायला गेले. ती नेमकी जागेवर नव्हती. परत आले तर साहेब पाणी पिताहेत! वाकतोय, चोच बुडवतोय, सरळ होतोय, डुलतोय, पुन्हा वाकतोय. मी चिकटपट्टी हातात धरून बघत उभी. बाहेरची खोली कोरडी, खिडकी उघडी. मला विज्ञान जमत नाही, पण एवढं कळलं की बिचाऱ्यात काही दोष नव्हता.

मी पळत आत गेले. "बाबा, चालला! अहो, तुमच्या खोलीत वाफ आहे म्हणून अडला होता!"

बाबा दचकलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून." मग थोडं थांबून, श्वास घेऊन, "डोक्यावरचं पाणी उडालं, की तो वाकतो. ओल्या हवेत कसं उडेल?"

मी संतापले. म्हटलं, अहो मग मला पंधरा दिवस का नाचवलंत? पुठ्ठे काय, कॅटलॉग काय, रोज त्याची बोलणी मी खाल्ली! एवढं मोठ्याने ओरडले की काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. बाबा माझ्याकडे बघत होते, चोरी पकडलेल्या पोरासारखे. म्हणाले, "आधी महिन्याला फोन करायचा. आता रोज करतो."

आणि मग, "त्याला सांगू नकोस. चालला म्हणून."

त्यांनीच मला पक्षी परत आत आणायला लावला. आणला. उशाशी ठेवला. पाचेक मिनिटांत मंदावला आणि उभा राहिला. सहा वाजता तुझा फोन आला. बाबांनी उचलला. "नाही रे, अजून नाही," म्हणाले, आणि तू जे काही सांगत होतास ते सगळं डोळे मिटून ऐकत राहिले. चिमट्याबद्दल असेल. चेहऱ्यावर असा आनंद होता की मला ती खोली सोडून जावं लागलं.

मोरीत जाऊन नळ सोडून रडले. मग राग आला. मुलाचा आवाज ऐकायला म्हाताऱ्याला खेळणं बिघडलंय असं खोटं सांगावं लागतं! लाज वाटते मला. तुझी वाटते, माझी वाटते, त्यांचीसुद्धा वाटते. नुसतं "बाबा, कसे आहात?" एवढं विचारून थांबला असतास एकदा. उत्तर येईपर्यंत नुसता थांबला असतास!

काल सकाळी डॉक्टर म्हणाले, मुलाला बोलवायचं असेल तर आता बोलवा. मी विचारलं, आता म्हणजे? म्हणाले, महिने धरू नका.

शपथ फोनची होती. लिहू नकोस असं बाबा म्हणाले नव्हते, आणि म्हणाले असते तरी आज मी ऐकलं नसतं. हे पत्र कुरियरने दोन दिवसांत तुझ्या हातात पडेल. वाचून फोनकडे धावू नकोस. फोन त्यांच्या उशाशी असतो, तुझा रडका आवाज त्यांना लगेच कळेल. रोजच्यासारखा सहाला कर, रोजच्यासारखी अक्कल शिकव, आणि तिकीट काढ. रजा मिळत नसेल तर भांड. भांडायला तर तुला चांगलं येतं, माझ्याशी तर रोज भांडतोस.

दारात आलास की गळ्यात पडू नकोस, नळीकडे बघत बसू नकोस. मशीनबद्दल विचारू नकोस. बाबांनी विचारलं, कसा काय आलास, तर म्हण, फोनवर जमत नाही म्हणून पक्षी दुरुस्त करायला आलो.

आणि दुरुस्तीला वेळ लाव.

तुझी,
ताई