मांडवाचे वीस सुरू

१२ एप्रिल
मोजून संपले! साठच्या साठ सुरूची झाडं! एम.एस्सी.चा प्रकल्प निम्मा खिशात. तात्या — वडील कमी, बागेचे राखणदार जास्त — चिकूखाली बसून हसत होते. "लावली मी, आन् मोजतेस तू?"

पण काय सापडलंय! कोपऱ्यातला एकटा वाढलेला सुरू जाडीच्या पन्नास पट उंच. बुटका, दणकट, वाऱ्याला भीक न घालणारा. रांगेत दाटीने वाढलेले मात्र चक्क सव्वाशे पट! नुसत्या काड्या. एकेकटे असते तर पहिल्याच वादळात आडवे. तरी पंधरा वर्षं उभे आहेत — शेंडे एकमेकांना टेकतात, वारा वाटून घेतात! वहीत लाल शाईने लिहिलं: मधली काढली तर शेजारची पडतील. मग दर्याचा वारा थेट चिकूवर, म्हणजे तात्यांच्या पोटावर.

१९ एप्रिल
लग्न ठरलं! बेटेगावचा धीरज, बोईसरला कारखान्यात असतो. सहा फूट उंच आणि पाप्याचं पितर. मनातल्या मनात त्याचीही उंची भागिले जाडी केली. साफ नापास! तरी हो म्हटलं.

२ मे
मांडव आपल्याच बागेतल्या खांबांवर उभा राहायचा, ही आमच्या घरची रीत. मनीषकाका म्हणाले, "मनोरवरून बांबू आनू, अर्ध्या दिवसाचं काम." तात्या सुरूच्या रांगेकडे बघत म्हणाले, "उन्नती, खुना तूच कर."

वा! माझ्याएवढं त्या झाडांना ओळखतंय कोण? खडूने रांगेतले वीस सरळसोट निवडले, एक सोडून एक. करवत सुरू झाली आणि मी ब्लाउज शिवायला टाकायला पळाले. वेळ कुठाय!

१४ मे
मांडव काय दिसतोय! ओल्या लाकडाचा वास अंगणभर. प्रत्येक खांबाला हात लावून आले. प्रत्येकाची उंची मला पाठ!

१६ मे
झालं लग्न!!! धीरजचं डोकं तोरणाला आपटलं. दोनदा.

२८ मे
बेटेगाव. काल दुपारी वारा सुटला. पत्रे धडाधडा वाजत होते आणि आम्ही दोघं खिडकीशी चहा पीत खिदळत होतो. संध्याकाळी मनीषकाकांचा फोन. "रांग गेली गं. पंचवीस-तीस आडवी. चिकूबी मोडलेत."

खुणा मीच केल्या होत्या. मीच! लाल शाईने लिहिणारी मी! लग्नाच्या नादात माझंच लिहिलेलं मला आठवलं नाही. धीरज पाणी घेऊन उभा, मी बॅग भरायला घेतली.

२९ मे
तारापूर, माहेरी. तात्यांच्या पायाशी बसून रडले. ते म्हणाले, "गप. वही बघ तुझी."

लाल ओळीखाली पेन्सिलीने तात्यांचं अक्षर. तारीख १ मे.
"हे वाचले. तरी लेकीच्या मांडवाला विकतचे बांबू नकोत."