शिवलेली नऊवारी

आई, फलटणच्या माझ्या दुकानात आता नऊवारी शिवून मिळते. चेन, हूक, आत नाडी. पाच मिनिटांत अंगावर. तुझ्या वयाच्या बायका बघून हसतात, "आगं, ही काय नऊवारी व्हय? पायजमाच की!" मी राग धरत नाही. त्यांना तुझी गोष्ट सांगते.

शेजारणीची चिमुरडी कॅनॉलमध्ये पडली, तेव्हा आपण दोघी काठावर धुणं धूत होतो. मी नुसती किंचाळले. तू पदर कमरेला खोचलास आणि उडी टाकलीस. कासोटा घट्ट, पाय मोकळे. बघता बघता पोरीला गाठलंस, काठाशी आणून माझ्या हातात दिलंस. पण तोवर ते नऊ वार पाणी पिऊन दगडासारखे जड झालेले. काठ हाताशी, तरी तुला वर येता येईना. शेवटी रानातल्या दोघांनी कासरा टाकून ओढून काढलं. घरी बाबा ओरडले, "ह्या लुगड्यानं बुडवलं असतं तुला!" केस पिळत तू म्हणालीस, "आवं, त्याच्यामुळंच पोचले की मी! पाचवारीत पाय तरी हालला असता का?" दोघांचंही खरं होतं. ते दोन्ही धरूनच मी कापड बेतते.

गेल्या महिन्यात एक निवृत्त शिक्षिका आल्या. पक्षाघातानं डावा हात गेलेला. लेकीच्या लग्नात त्यांना नऊवारीच हवी होती, आणि दुसऱ्या कुणी नेसवायला नको होतं. मी चेन उजवीकडे घेतली, हुकांच्या जागी वेल्क्रोची चिकटपट्टी लावली, पदर खांद्यावर शिवूनच टाकला. दोनदा उसवलं. न्यायला आल्या त्या दिवशी त्या पडद्याआड गेल्या. मी बाहेर उभी, मदतीला हाक येईल म्हणून. हाक आली नाही. बऱ्याच वेळानं त्या बाहेर येतात, आरशापुढे उभ्या राहतात, वळून मागचा कासोटा बघतात आणि म्हणतात, "माझी मी नेसले." आई, एवढी ताठ मान माझी कधी झाली नव्हती.

तू गेलीस, म्हणून हे पत्र मशीनच्या खणातच राहील. पण एक कबूल करते. मला स्वतःला नऊवारी नेसता येत नाही. आईनं शिकवायचं राहून गेलं, असं मी गिऱ्हाइकांना सांगते. तू हाका मारायचीस; मीच येत नव्हते.