सिंहाच्या पंजावरचा थेंब

प्रिय आई,
लंडनहून तुझ्या टोबायसचा नमस्कार. मी खुशाल आहे, खोकलाही कमी आहे. तुझे गुडघे कसे आहेत?

जार्विसदादाचं पुस्तक तू शेजारपाजारी वाचून दाखवतेस म्हणे. त्यात लिहिलंय, चर्चच्या भिंतीवरच्या राजचिन्हात सिंहाच्या पंजातून रक्त ओघळलं, हा राजाला देवाचा इशारा! अगं, तो ते चिन्ह रंगवताना माझ्या कुंचल्यातून गळलेला लाल रंग होता. दादाला तेव्हाच सांगितलं, तर म्हणाला, "गप्प बस, नोकरी जाईल तुझी."

आता दादाला स्वतःचं कुलचिन्ह मिळालंय. ढाल मीच रंगवतोय आणि तिच्यावर त्याला तोच थेंब हवाय. सकाळपासून तीनदा काढला. दादा म्हणतो, "पहिल्यासारखा नाही जमत रे तुला!"

हे मात्र कुणाला वाचून दाखवू नकोस.

तुझाच धाकटा,
टोबायस