दहा रविवार आणि एक फायनल

टार्निट, १२ ऑगस्ट

प्रिय स्वप्ना,

पाकीट बघून दचकली असशील. रोज व्हॉट्सअ‍ॅपवर टवाळक्या करणारी ही बया कागद-पेन घेऊन बसली, म्हणजे हिचं काहीतरी बिनसलंय. बिनसलंयच गं. चार दिवस मला एका जागी बसवत नाही. सकाळपासून तीनदा ओटा पुसलास, असं यतिन नुसतं म्हणाला, तर मी त्या बिचाऱ्या नवऱ्यावर खेकसले. फोनवर सांगायला गेले असते, तर तू अर्ध्यातच ‘जाऊ दे गं’ म्हणाली असतीस आणि मीही खुशाल जाऊ दिलं असतं. म्हणून पत्र.

निमित्त आपली लीग. युनीतल्या देशी पोरींची, सहा टीम्सची, ग्लेन वेव्हर्लीच्या आपल्या खोलीत तू मॅगीच्या पाकिटामागे आखलेली फुटबॉल लीग. अजून चालू आहे, पण धापा टाकत. पोरींना आता फायनल परत हवीय. पुढच्या रविवारी मैदानावरच मीटिंग आहे. तीन टीम्स बाजूने, तीन विरुद्ध, आणि निर्णायक मत जुनी जाणती म्हणून माझं. जुनी जाणती! चौतिसाव्या वर्षी!

ईशानी नावाची एक कॅप्टन आहे. टीम तळाला, तोंड मात्र अव्वल. तिचं म्हणणं, फायनल नसली की सातव्या रविवारीच कळतं कप कोणाचा, मग बाकीच्या पोरी अंथरुणातून उठतच नाहीत. गेल्या रविवारी तिच्याकडे चारच जणी आल्या. असंच चाललं तर पुढच्या वर्षी लीग बंद पडेल, आणि ते खरं आहे. उलट मयूराची टीम सगळ्यात वर. ती म्हणते, दहा रविवार थंडीत गुडघे फोडून घ्यायचे आणि अकराव्या रविवारी एक बॉल खांबाला लागला की सगळं पाण्यात? तेही खरं. जी बोलत असेल तिचं मला पटतं. यतिन म्हणतो, दोन कप द्या, नो वरीज. त्याला काय जातंय!

मयूरा बोलायला लागली की मला तूच दिसतेस. पहिल्या वर्षी तुझा मुद्दा तर तिच्याहून पक्का होता. आपण सगळ्या शिफ्टवाल्या पोरी. दहा रविवारांत प्रत्येकीचा एखादा बुडतो, सगळ्यांचं सारखंच होतं. पण एकच फायनल ठेवली आणि नेमकं त्याच दिवशी रोस्टरने मान पकडली तर? मी दुसऱ्या नंबरच्या टीमची कॅप्टन, तावातावाने भांडले तुझ्याशी. फायनलशिवाय कसला गं कप, म्हणाले. एका मताने जिंकले. आणि रोस्टरने नेमकी तुझीच मान पकडली. दहापैकी एकही मॅच न हरलेली तू फायनलच्या दिवशी आपण दोघी काम करायचो त्या एज्ड केअरच्या, म्हाताऱ्यांच्या होमच्या किचनमध्ये भाज्या चिरत होतीस.

मावशी आठवते मला. शाळेत खिचडी शिजवून तुला शिकवणारी तुझी आई, माझी सोजरमावशी, तुझ्या पदवीदानाला म्हणून पहिल्यांदा विमानात बसलेली. मंगळवारी परत जाणार होती, लेकीला खेळताना बघायचा तो एकच रविवार होता तिच्याकडे. साडीवर तुझी युनीची हुडी चढवून फोल्डिंगच्या खुर्चीत बसली होती. तू हाफटाइमपर्यंत पोचायचा प्रयत्न करते म्हणाली होतीस ना, तर बाई मैदानाकडे कमी आणि कार पार्ककडे जास्त बघत होती. मी गोल मारला तेव्हा टाळ्या वाजवल्या तिने. मॅच संपल्यावर डबा उघडून डिंकाचा लाडू माझ्या हातावर ठेवला. लेकीसाठी आणलेला, म्हणाली, आता तूच खा. मी खाल्ला, स्वप्ना.

मग तू आलीस, अ‍ॅप्रन तसाच. त्या लॉरेन सुपरवायझरला तू आजही शिव्या घालतेस, आणि दर वेळी मी ‘हो ना’ म्हणते. दुसऱ्या वर्षी मीच पुढे होऊन फायनल बंद करवली. सगळ्या म्हणाल्या, मिताली किती सरळ मनाची. तू तर मिठी मारलीस. ती मिठी अकरा वर्षं टोचतेय मला.

फायनलच्या आदल्या शनिवारी दुपारी लॉरेनचा फोन आधी मला आला होता. उद्या एक जण कमी आहे, तुमच्यापैकी कोण येईल? मी म्हटलं, स्वप्नाला विचार, ती नाही म्हणणार नाही. इतकंच. पदवीदानाची सुट्टी आधीच घेतल्यामुळे तुला नाही म्हणता येणार नाही, हे मला माहीत होतं. तू तिचा मेसेज वाचून चिडलीस, आणि तुझ्याबरोबर मीही तिला शिव्या घातल्या. मी नालायकपणा केला. रविवारी मी फायनलला हो म्हणणार आहे, कारण दोष फायनलचा नव्हता. आधी पोरींना हे सगळं सांगेन, मग मत देईन. पण शुक्रवारी मावशी तुझ्याकडून माझ्याकडे आठ दिवस राहायला येतेय, ‘लेक खेळायची ते मैदान परत दाखव’ म्हणतेय, आणि तिच्या शेजारी मला तिथे तोंड मिटून बसता येणार नाही. म्हणून सगळ्यांच्या आधी तुला. तिचं तिकीट रद्द करावंसं वाटलं तर कर, मी काही म्हणणार नाही. नाही केलंस, तर कॅसल हिलहून तूही ये तिच्याबरोबर. ते मैदान तिला मी दाखवणार नाही, तूच दाखव.

अजूनही म्हणू दिलंस तर, तुझीच
मिताली