काळी एकचा आवाज

नांदेड,
८ फेब्रुवारी १९९१

प्रिय लिंबाजी,

जय भीम. तुझ्या पहिल्या कॅसेटला खरा खर्च काय आला, ते आज नीट मांडतो. बारा गोणपाटं, ती भिजवायला तीन घागरी पाणी, अर्धा डबा डिझेल, आणि सरजावहिनींनी तुझ्या घशासाठी फडक्यात बांधून दिलेली ज्येष्ठमधाची एक कांडी. पैशाचं मी धरत नाही, ते केव्हाच वसूल झाले. पण यात एक गोष्ट धरायची राहून गेली आहे. ती लिहायलाच बसलोय, पण हात एकदम तिकडं वळत नाही. तेव्हा जरा दमानं वाच.

तुझं पत्र परवा चाकूरच्या गाडीच्या कंडक्टरनं दुकानावर आणून दिलं. तुझ्या सिंधूच्या रेकॉर्डिंगसाठी पंधरा तारखेला खोली मोकळी ठेवलीय, त्याची काळजी नको. पण पुढचं वाचलं आणि हातातला चहा तसाच निवला. पोरगी रोज पहाटे पेटीवर बसते, 'जुनी घागर' या ओळीला तिचा गळा फाटतो, आठ दिवस झाले आवाज बसलाय, आणि तरी तू तिला सोडत नाहीस. वहिनी म्हणाल्या, पोरीला मारता का आता, तर त्यांनाही तू गप्प केलंस. "कॅसेटात बापानं जिथं सूर लावला तिथंच तिनं लावायचा, बोटभर बी खाली न्हाई," असं तूच लिहिलंस. आणि शेवटी मला विचारतोस, किशन, तुझा कान सांगल ते खरं, पोरीत माझा तवाचा आवाज हाय का?

माझ्या कानाचं तुला काय सांगायचं. मुखेडच्या आठवडी बाजारात गोणपाट अंथरून रेडिओ दुरुस्त करायला बसायचो तेव्हा माझ्याकडं धड टेस्टर नव्हता. गिऱ्हाईक रेडिओ घेऊन दहा पावलांवर आलं की खरखरीवरून मी सांगायचो, व्हॉल्व गेलाय की नुसती तार सुटलीय. मास्तर लोक म्हणायचे, हे कुठल्या शाळेत शिकलास रे? मी म्हणायचो, कानाला फी लागत नाही. त्याच कानावर नांदेडात वजिराबादला दुकान टाकलं, हैदराबादहून जुनं स्पूलचं मशीन आणलं. नांदेडपासून लातूरपर्यंत असा कान दुसरा नाही, हे मी चारचौघांत बोलत आलोय. दुसऱ्या कुणी म्हणायची वाट बघत बसलो असतो तर अजून मुखेडलाच बसलो असतो. आणि तुला ऐकलं ते याच कानानं. शहाऐंशीच्या जयंतीला, तुमच्या वस्तीत, फुटक्या भोंग्यावर. जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती, लातूरला कचेऱ्या उठल्या होत्या, आणि आडाला थेंब नव्हता. तू स्वतः बांधलेलं गाणं म्हणत होतास:

नवा जिल्हा, नवी पाटी, नवा साहेब आला,
जुनी घागर, जुनी वाट, आड जुनाच आटला.

बायका हसत होत्या आणि हसता हसता पदर डोळ्याला लावत होत्या. मी तिथंच ठरवलं, या गड्याला मशीनमध्ये घ्यायचा.

मे महिन्याची ती दुपार तुला आठवतेच. रस्त्याचा आवाज आत येऊ नये आणि मशीन तापू नये म्हणून मी खिडक्या-दारांवर ओली गोणपाटं टांगली होती. तू दारातच उभा राहिलास आणि म्हणालास, "आमच्या बाया घागरीपायी दोन कोस तुडवून राहिल्या, आन् तू गोणपाटाला पाणी पाजून राहिलास व्हय?" गाणी झाल्यावर तू एकेक गोणपाट घमेल्यात पिळलंस आणि ते गढूळ पाणी समोरच्या म्हातारीच्या शेळीपुढं ठेवलंस. त्या दिवशी मला तू पहिल्यांदा मोठा वाटलास, गाण्यासाठी नव्हे. दुपारची लाईट त्या उन्हाळ्यात कधीच नसायची, म्हणून मांडववाल्याचा जनरेटर मागच्या बोळात लावला होता. पेटीवर उदगीरचे चन्नबसप्पा. त्यांनी तुझी पट्टी विचारली, तू म्हणालास, "आपली नेहमीची, काळी एक." पहिलं कडवं झालं आणि मी हात वर केला. भिंत, गोणपाटं, सगळं ओलांडून जनरेटरची घरघर टेपवर येत होती. तुम्हा दोघांना ऐकू आली नव्हती, मला आली. मी बोळात गेलो, त्याची रेस कमी केली, घरघर पार खाली बसली. आत आलो तर बल्ब पिवळा पडलेला. तू म्हणालास, "ह्यो बी दुष्काळात सापडला," आणि चन्नबसप्पा पेटीवर डोकं टेकवून हसले. मग तू आठही गाणी त्या पिवळ्या उजेडात म्हणालास. ऐकून बघायला वेळ नव्हता, तुला चाकूरची गाडी धरायची होती.

पुढचं सगळ्या मराठवाड्याला माहीत आहे. रसवंतीत तू, टेम्पोत तू, मुखेडच्या बाजारात चार दुकानांतून चार ठिकाणी तू. तुझ्या घरी टेप नव्हता, तू स्वतःला पहिल्यांदा बाजारातल्या भोंग्यावर ऐकलंस आणि थेट नांदेड गाठलंस. म्हणालास, "किशन, ह्यो माझा आवाज? लई कोवळा लागतोय की रे." मी पाठीवर थाप मारली. स्वतःचा आवाज स्वतःला परकाच लागतो, मशीन कधी खोटं बोलत नाही, असं म्हणालो. तू मानलंस. मग जिथं जाशील तिथं लोक म्हणू लागले, कॅसेटसारखं म्हणा. तूही पेटी दोन पट्ट्या वर घेतलीस, काळी दोन. पहिला हंगाम जोरावर निघाला, दुसऱ्याला घसा सोलला, तिसऱ्याला रुमालावर लाल दिसलं. आणि मुखेडचा तो कार्यक्रम. 'जुनी घागर'ला तुझा आवाज फाटला आणि मागून कुणीतरी ओरडलं, "ह्यो तो न्हाईच, कॅसेट लावा." आणि त्यांनी खरंच कॅसेट लावली. तू स्टेजवर पेटीशेजारी बसून ती अख्खी ऐकलीस. मी पहिल्या रांगेत होतो. बाहेर आल्यावर तुला काय म्हणालो ते मला शब्दाला शब्द आठवतं. म्हणालो, "दुष्काळात बोअरचं पाणी पिऊन घसा गेला तुझा, लिंबाजी. खडीसाखर खा, होईल बरा." त्यानंतर तू गायला नाहीस. दुसरी कॅसेट झाली नाही. लोक विचारतात, तो चाकूरकडचा गडी कुठं गेला हो? मी म्हणतो, आवाज गेला बिचाऱ्याचा.

चन्नबसप्पांवर तुझा राग आहे, तोही आज काढून टाक. कॅसेट गाजली तसा पेटीवाला शिष्ट झाला, बोलावलं तरी येईना, असं तू मला कितीदा म्हणालास आणि मी मान डोलावत राहिलो. गडी शिष्ट नव्हता. त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं होतं, आणि तुझ्यासमोर बसून गप्प राहणं त्यांना जमत नव्हतं, म्हणून ते येत नव्हते. गेल्या महिन्यात उदगीरला त्यांच्या घरी गेलो होतो. हात थरथरतात आता, पेटी ट्रंकेवर कापडात बांधून ठेवलीय. पाण्याचा तांब्या पुढं केला आणि एवढंच विचारलं, "लिंबाजीला सांगितलं का न्हाई तुमी?" मी म्हणालो, अजून नाही. ते म्हणाले, "मग पाणी प्या आन् निघा."

तर लिंबाजी, पंधरा तारखेच्या आत हे तुझ्या हाती पडावं म्हणून उद्याच्या पहिल्या गाडीला देतोय. ते स्पूलचं मशीन विजेच्या चालीनं फिरतं. मी जनरेटरची रेस कमी केली तशी विजेची चाल मंदावली, टेप हळू सरकली, आणि तुझी गाणी तिच्यावर मंद चालीत उतरली. दुसऱ्या दिवशी कॅसेटी उतरवताना सरकारी लाईटवर मशीन पुऱ्या चालीनं फिरलं, तसा तुझा आवाज वर चढला, कोवळा झाला, काळी एकचा काळी दोन झाला. तो सूर तू लावलाच नव्हतास. सिंधू ज्याच्यामागं गळा फाडून घेतेय तो आवाज कधीच कुणाच्या गळ्यातून निघाला नाही. तुझा आवाज बोअरच्या पाण्यानं गेला नाही, तो माझ्या कॅसेटची बरोबरी करता करता गेला. वर मांडलेल्या खर्चात धरायचा राहिला होता तो हाच. मला आठ दिवसांत सगळं समजलं होतं, पण तोवर दोन बाजारांत शंभर कॅसेटी संपल्या होत्या आणि लोकांना तोच आवाज हवा होता. माफी मागत नाही, ती द्यायला तू माझ्या दारात यावंस एवढं माझं तोंड राहिलेलं नाही. फक्त आज हे पत्र संपायच्या आत पेटी काळी एकवर आण, पोरीला पंधरा दिवस गाऊ देऊ नकोस, रेकॉर्डिंग पुढं ढकलू, आणि मग तिला तिच्या पट्टीत म्हणू दे. माझ्याकडं नको असेल तर दुसरीकडं म्हणू दे. मूळ स्पूल कंडक्टरकडं देतोय, तुझा आहे. आणि आता माझ्या कानाचं. रेकॉर्डिंगनंतर चौथ्या दिवशी चन्नबसप्पा दुकानात आले, कॅसेटबरोबर पेटी वाजवून बघितली आणि म्हणाले, "किशनराव, ही माझी पेटी न्हाई, माझी पेटी येवढी वर बोलत न्हाई." त्याआधी मी ती टेप एकटा बसून चार वेळा ऐकली होती. मला चारही वेळा ती बरोबरच वाटली होती.

तुझाच,
किशन