ज्याचा त्याने हात वर करावा

वसतिगृह, खोली ११
४ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

परत येऊन दहा दिवस झाले आणि पत्र आज लिहितोय, तेव्हा आधी कान धरतो. सत्र चालू असेपर्यंत आमचे फोन कार्यालयाच्या कपाटात बंद, हे तुला ठाऊकच आहे. आणि पेन हातात घेतलं की मला काही सुचत नाही, हेही तुला पहिलीपासून ठाऊक आहे. प्रकृती ठीक. जेवण ठीक. झोप जरा जास्तच ठीक.

इथे सगळे फार चांगले वागतात. उद्याचे धर्मोपदेशकच ते, सांत्वन हा त्यांच्या परीक्षेचा विषय आहे. पहिल्या दोन दिवसांत चौदा जणांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यातल्या बहुतेकांनी डाव्या खांद्यावर, कारण सरांनी वर्गात डावा सांगितला होता. मी सगळ्यांना हो हो म्हणालो. ताई, खरं सांगू, मला काहीच वाटत नाहीये. रडू नाही, राग नाही, बाबा गेले हे वाक्य मनात म्हटलं तरी हलत नाही. बाबा पंक्चर शोधायला सायकलची ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात दाबून फिरवायचे आणि बुडबुडा कुठे येतो ते बघत बसायचे. मी रोज सकाळी प्रार्थनेत स्वतःला तसंच बुडवून बघतो. एक बुडबुडा येत नाही.

विरंगुळा मंडळाचं चिटणीसपद अजून माझ्याच गळ्यात आहे. आमच्या धर्मविद्यालयात विरंगुळ्यालासुद्धा हजेरी लागते, यावर बाबा किती हसले होते आठवतं? सोमवारी गाणं, बुधवारी भाजीचा वाफा, शनिवारी खेळ. गेल्या शनिवारी बुद्धिबळाच्या पटावर नवा वाद निघाला. हात लावलेलं मोहरं खेळावंच लागतं हे सगळ्यांना मान्य, पण नुसतं मनात आणलेलं मोहरं खेळायला लागतं की नाही, यावर दोन पंथ पडले. डाव तसाच राहिला, जेवणाची घंटा झाली.

व्हॉलीबॉल तर बघण्यासारखा. आमच्याकडे पंच नसतो. चेंडूला आपला हात लागून तो बाहेर गेला तर ज्याचा त्याने हात वर करायचा, असा जुना नियम आहे. आता प्रामाणिकपणात मागे कोण राहणार? चेंडू बाहेर गेला की दोन्हीकडचे हात वर, आणि गुण द्यायचा कोणाला हे ठरेना.

तुझ्या निरोपाच्या त्या चिठ्ठीचं मी निघताना तू पुन्हा विचारलं होतंस. मी सांगितलं तेवढंच आहे. शनिवारी संध्याकाळी ती मला माझ्या कप्प्यात सापडली, तेव्हाच मी निघालो. आता तो विषय राहू दे.

लोभ आहेच, तो जागचा हलू नये ही विनंती.

तुझा,
धाकटा


सायकलचं दुकान
११ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. अक्षर अजून चेन पडलेल्या सायकलसारखंच आहे, पण चाललं ते महत्त्वाचं.

दुकान मी उघडलं. घरात बसून भिंती किती बघणार? गिऱ्हाईक आत डोकावतं आणि मेस्त्री कुठे आहेत म्हणून विचारतं. मी माझे काळे हात पुढे करते. काहीजण सायकल फिरवून परत जातात. जाऊ देत. पुढच्या चौकात पुन्हा हवा गेली की आपोआप येतात, आणि मग मला मेस्त्रीबाई म्हणतात. बाबांचा पाना मला जरा जड पडतो. त्यांच्या मुठीची जागा त्यावर गुळगुळीत झाली आहे, माझी मूठ तिथे पुरत नाही. काल एकटीच होते तेव्हा तो पाना मांडीवर घेऊन मी पोटभर रडले आणि मग दोन ब्रेक बसवले. तुला रडू येत नाही म्हणतोस. येईल. जबरदस्ती कुठे आहे?

पण विषय राहू दे म्हणालास, तो मी राहू देणार नाही. शुक्रवारी दुपारी पाऊण वाजता मी दवाखान्यातून तुमच्याकडे फोन केला. तुमचे ते म्हातारे, ज्यांना तुम्ही घंटाकाका म्हणता, त्यांनीच उचलला. मी एकेक शब्द सांगितला की बाबांना दवाखान्यात हलवलंय, जास्त आहे, आजच निघ. त्यांनी लिहून घेतलं आणि मला परत वाचून दाखवलं. ती चिठ्ठी तुझ्या हाती शुक्रवारीच पडली असती तर चारच्या गाडीने तू नऊला इथे असतास. बाबा शनिवारी दुपारी तीनला गेले. मधले अठरा तास त्यांचे डोळे दाराकडे होते. तुझ्याबद्दल त्यांनी तीनदा विचारलं. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली, काय ते विचारू नकोस.

त्या माणसाने एक चिठ्ठी दिवसभर कुठे ठेवली होती? कप्प्यात टाकली तर तुला सांगायला तोंड नव्हतं का? मी तुमच्या प्राचार्यांना पत्र लिहून तयार ठेवलंय. माणूस वाईट नसेल. पण लोकांचे निरोप असे वाऱ्यावर सोडणाऱ्याच्या हातात फोन देऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

जेवत जा. आमचा लोभ आहे तसा आहे, तुझा पत्रातून दिसू दे.

तुझी,
ताई


खोली ११
१९ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र टाकलं नसशील तर टाकू नकोस. घंटाकाका इथे एकतीस वर्षं आहेत. पहाटेची घंटा, जेवणाची घंटा, खेळ संपल्याची घंटा, सगळं तेच करतात. म्हातारं माणूस आहे. बाबा काही त्याने परत येणार नाहीत. उगाच कशाला कोणाच्या पोटावर पाय?

दुसरं काही लिहायला नाही, म्हणून खेळाचं लिहितो. गेल्या शनिवारी आमचा आणि शिक्षकांचा सामना होता. दोन्ही बाजू बरोबरीत, शेवटचा गुण. पलीकडून चेंडू आला, माझ्या बोटांना जरासा लागला आणि बाहेर गेला. फार नाही, नखाला वारा लागावा तेवढा. मी हात वर करायला हवा होता. मी नाही केला. तेवढ्यात पलीकडच्या आमच्या ग्रंथपाल सरांनी आपला हात वर केला. चेंडू मारताना आपलाच हात जाळीला लागला असावा असं त्यांना वाटलं. लागला नव्हता, मी समोरच होतो. गुण आम्हाला मिळाला, आम्ही जिंकलो, आणि ग्रंथपाल सर येऊन माझं अभिनंदन करून गेले.

मला काहीच वाटलं नाही. काही वाटलं नाही याचंच आता जरा वाटतंय.

वाफ्यातली कोबी किडली. गाण्याला मी शेवटच्या रांगेत उभा राहून नुसतं तोंड हलवतो, कोणाला कळत नाही. हजेरी मात्र पूर्ण आहे.

लोभ आहे तो तसाच धरून ठेव.

तुझा,
धाकटा


सायकलचं दुकान
२७ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

मी पत्र बारा तारखेलाच टाकलं होतं. हातातून सुटलेलं परत कसं घेणार? काल तुमच्या प्राचार्यांचं उत्तर आलं. अक्षर सुरेख आणि मजकूर नम्र. तेच तुला कळवते.

त्यांनी घंटाकाकांना बोलावून विचारलं. काका आधी म्हणाले की चिठ्ठी त्यांनी शुक्रवारीच, जेवणघराच्या पायरीवर तुझ्या हातात दिली. प्राचार्यांनी माझं पत्र त्यांना वाचून दाखवलं, की तुला ती शनिवारी कप्प्यात सापडली. त्यावर काका म्हणाले की मुलगा म्हणतोय तर तसंच असेल, आपलं वय झालं, आपल्याला हातात दिल्यासारखं वाटतंय पण आता आपल्या वाटण्याचा काय भरवसा. त्यांनी माझी माफी मागितली आहे. एक तारखेनंतर फोन आणि घंटा दोन्ही त्यांच्याकडून काढून घेणार, आणि ते पुतणीकडे राहायला जाणार. तू दुःखात आहेस म्हणून तुला पुन्हा विचारून त्रास दिला नाही, असं प्राचार्यांनी लिहिलंय. तुझा शब्द त्यांनी प्रमाण मानला.

मला हेच हवं होतं. तरी रात्रभर पाठ टेकली नाही. आधी हातात दिली म्हणाले, ते मला टोचतंय. विसरलेला माणूस कुठली पायरी ते सांगेल का रे?

बाबांचं तुला ठाऊक आहे. पंक्चर काढलं तरी टायरच्या आतून ते बोट फिरवायचे. खडा आत राहिला तर नवी ट्यूबही दोन दिवसांत जाते, म्हणायचे. मी तुझी दोन्ही पत्रं काल पुन्हा वाचली आणि बोट फिरवलं. धाकट्या, खडा कुठे आहे? चार पानं लिहू नकोस. एका ओळीत कळव.

लोभाचं नंतर.

ताई


खोली ११
२ ऑक्टोबर

ती. ताईस,

खडा माझ्याकडे आहे.

चिठ्ठी सोबत पाठवतो. वर काकांच्या अक्षरात शुक्रवार, दुपारी पाऊण, असं लिहिलंय बघ. ती त्यांनी पाच मिनिटांत जेवणघराच्या पायरीवर माझ्या हातात दिली. मी वाचेपर्यंत थांबले. स्टेशनपर्यंत रिक्षा बोलावू का, असंही त्यांनी विचारलं. मी बघतो म्हणालो आणि चिठ्ठी खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी तळ्याकाठी आमचा वार्षिक मेळावा होता. तीन विद्यालयांचे विद्यार्थी, सगळी आखणी माझी. बाबा आधी दोनदा असेच दवाखान्यात जाऊन परत आले होते, तेव्हा शनिवार उरकून रविवारी निघू, असं मी स्वतःला समजावलं. हे अर्धंच खरं आहे. बाबांना खाटेवर पडलेलं बघायची मला भीती वाटत होती, आणि मेळाव्यात सगळे माझं नाव घेत होते ते मला आवडत होतं. शनिवारी तीन वाजता मी पोत्यात पाय घालून उड्या मारत होतो, ताई. लोक हसत होते, मीही हसत होतो. बाबा गेल्याचा तुझा दुसरा निरोप आला तेव्हा संध्याकाळ झाली होती. दारात तू मला विचारलंस, निरोप कधी मिळाला? माझ्या तोंडून आज असं निघून गेलं. मग ते तसंच ठेवलं.

तुझं पत्र गुरुवारी हातात पडलं. एक ओळ मला काल दुपारपर्यंत लिहिता आली नाही. काल काकांचा शेवटचा दिवस होता. आम्ही जाळीपाशी खेळत होतो. ते घंटा वाजवायला आले ते थेट मैदानात शिरले. सगळे थांबले. त्यांनी माझ्यासमोर उभं राहून आपला हात वर केला, आमच्या नियमाप्रमाणे, आणि म्हणाले की चूक त्यांची, त्यांच्यामुळे माझी बापलेकाची भेट हुकली. आमच्यातले दोघेतिघे लगेच पुढे झाले आणि त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. डाव्या.

माझा हात कसा वर गेला मला सांगता येणार नाही. चेंडू तर जमिनीवर पडला होता. ते आणि मी असे दोन्हीकडे हात वर करून उभे, आणि बाकीच्यांना वाटलं की नेहमीसारखंच चाललंय. कोणीतरी हसलंसुद्धा. मग मी खिशातून चिठ्ठी काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

काका माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चिठ्ठी घेतली, लांब धरून स्वतःचं अक्षर वाचलं आणि एवढंच विचारलं की म्हणजे आपलं डोकं शाबूत आहे ना. आहे म्हटलं. मग ते खाली गवतावरच बसले. हे पंधरा दिवस ते रोज दाराचं कुलूप तीनतीनदा तपासत होते, असं मागून कळलं.

घंटा त्यांच्याकडे परत आली आहे. चिटणीसपद माझ्याकडून गेलं. मला इथे ठेवायचं की नाही ते प्राचार्य सत्राअखेर ठरवतील. तोवर घरी जाऊन ये, म्हणाले. यायचं की नाही ते तू सांगशील तसं. रडू अजून आलेलं नाही.

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार घातला नाही आणि शेवटी लोभ मागवत नाही. रीत म्हणून जागा तेवढी सोडतो.

धाकटा


सायकलचं दुकान
७ ऑक्टोबर

धाकट्या,

पत्र वाचून मी दुकान बंद केलं आणि दोन दिवस उघडलं नाही. तुला लिहिलेली तीन पत्रं चुलीत घातली. त्यांत जे होतं ते तुला समजलंच असेल.

आज काकांना पत्र टाकलं. माफी माझीही होती, ती मागितली.

आता माझं ऐक. बाबांनी तीनदा विचारलं, तेव्हा मी काय सांगितलं ते तुला विचारू नकोस म्हणाले होते. मी म्हणाले, धाकटा निघालाय, वाटेत आहे, पोचेलच. शुक्रवारी रात्री म्हणाले, शनिवारी सकाळी म्हणाले, अडीच वाजताही तेच म्हणाले. तेव्हा मला काही ठाऊक नव्हतं, तरी छातीठोक सांगितलं. शेवटच्या वेळी त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, येताना सायकल सावलीत लावायला सांग. तू वाटेत आहेस या भरवशावर ते गेले. हा घे माझाही हात वर.

मी तुला माफ केलं असं समजू नकोस. मला अजून कळत नाही. पण बाबांशी मी खोटं बोलले ते मला तसंच ठेवायचं नाहीये. मागच्या वेळी आलास तो चिठ्ठी खिशात घेऊन आलास, ते येणं मी धरत नाही. रिकाम्या खिशाने ये. चारची गाडी अजून चारलाच सुटते.

बघतो म्हणू नकोस. आजच निघ.

लोभाचं समक्ष बोलू.

ताई